कानाने वाचणाऱ्यांचा इतिहास

गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. वेद उच्चारला तर जीभ छाटण्याची. या शिक्षेची आठवण आपल्या चळवळीने वारंवार काढली आहे आणि ती काढलीच पाहिजे. परंतु तिच्यातील एक गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही. त्या काळी ज्ञान डोळ्यांनी मिळत नव्हते. ते कानाने मिळत होते आणि जिभेने पुढे जात होते. म्हणूनच पहारा कानावर आणि जिभेवर होता. पुढे छापखाना आला, ज्ञान कागदावर उतरले आणि पहारा कागदाभोवती बसला. शाळेच्या आत कोणी बसायचे, व्हरांड्यात कोणी बसायचे, पाटी कोणाच्या हातात द्यायची, हे ठरू लागले. कानाचे महत्त्व संपले, डोळ्यांचे सुरू झाले. आणि नेमका याच टप्प्यावर समाजातला एक वर्ग ज्ञानाच्या वाटेवरून बाजूला पडला, ज्याचा विचार ना प्रस्थापितांनी केला ना आपण. तो वर्ग अंधांचा.

अंध माणसाची वंचना आणि अस्पृश्याची वंचना एकच आहे असे मला म्हणायचे नाही. अस्पृश्यता माणसाने माणसावर लादली. तिला धर्मग्रंथांचा आधार दिला गेला. दृष्टी जाणे ही शरीराची गोष्ट आहे. पण दृष्टी गेल्यानंतर पुस्तक हातातून जाणे ही शरीराची गोष्ट नाही. ती समाजाची व्यवस्था आहे. पुस्तक फक्त डोळ्यांसाठी छापायचे, हा निर्णय माणसांनी घेतलेला आहे; तो निसर्गाचा नियम नव्हे. हा फरक एकदा ध्यानात घेतला की अंधांच्या वाचनाचा इतिहास दयेचा इतिहास राहत नाही. तो हक्काचा इतिहास होतो, आणि मग तो आपल्या चळवळीच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा लागतो.

नावाचा प्रश्न

सरकारदरबारी २०१६ पासून 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. ज्याला 'हरिजन' या शब्दाचा इतिहास ठाऊक आहे, त्याला हा विरोध समजावून सांगावा लागणार नाही. देवाची माणसे म्हणायचे आणि देवळाबाहेर ठेवायचे, हा प्रकार आपण पाहिलेला आहे. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ते नाव नाकारले, कारण त्या नावात हक्क नव्हता, कृपा होती. ज्याच्या अंगाला दिव्यत्व चिकटवले, त्याला जिना चढता यावा, परीक्षेला लेखनिक मिळावा, ग्रंथालयातले पुस्तक वाचता यावे, याची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही. म्हणून या लेखात मी 'अंध' आणि 'दृष्टिबाधित' हेच शब्द वापरतो.

आणि अंधत्वही जातीच्या, दारिद्र्याच्या बाहेर उभे नसते. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या पन्नास लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली. महाराष्ट्रात हा आकडा पावणेसहा लाखांच्या आसपास होता. त्याच जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. फरक दशांशात दिसतो. प्रत्यक्षात तो लाखो माणसांचा आहे. कुपोषणामुळे होणारा 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव, गोवर, खुपऱ्या, वेळेवर न काढलेला मोतीबिंदू, कामावर डोळ्याला झालेली इजा, ही अंधत्वाची कारणे गावकुसाबाहेर आणि झोपडपट्टीत जास्त सापडतात. म्हणजे ज्या घरात पुस्तक पहिल्यांदाच येत होते, त्याच घरातल्या माणसाची नजर आधी जात होती. दोन्ही पहारे एकाच उंबऱ्यावर बसलेले आहेत.

ठिपक्यांची लिपी

लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा. लहानपणी वडिलांच्या कातडी खोगिरांच्या कामठ्यात अवजार डोळ्याला लागून त्याची दृष्टी गेली. कातड्याचे काम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी फुगीर रोमन अक्षरे छापलेली पुस्तके असत. बोटाने ती अक्षरे चाचपत वाचणे अतिशय संथ आणि कठीण होते, आणि लिहिणे तर अशक्यच. शार्ल बार्बिए या सैन्यातल्या माणसाने ठिपक्यांची एक पद्धत तयार केली होती. ब्रेलने ती घेतली, तोडली, सुटसुटीत केली आणि सहा ठिपक्यांत सगळी अक्षरे बसवली. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी तयार होती. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली.

यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. ज्या शाळेत ही लिपी जन्मली त्याच शाळेत १८४० नंतर काही काळ तिच्यावर बंदी आली. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती. त्यांना वाटे, अंधांनी आमचीच अक्षरे वाचावीत, म्हणजे ते आमच्यातले होतील. विद्यार्थी चोरून ठिपके टोचत राहिले. १८४४ मध्ये बंदी मागे पडली. ब्रेल १८५२ मध्ये वारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत मानली. वंचितांसाठी काय योग्य हे वंचितेतरांनी ठरवायचे आणि वंचिताने स्वतः घडवलेले साधन बेकायदा ठरवायचे, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

भारतात ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसरला अंधशाळा काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. मिशनऱ्यांनी प्रथम हात घातला, हे इथेही खरे आहे. पण देशात प्रत्येक भाषेची, कधी कधी प्रत्येक संस्थेची ठिपक्यांची रीत निराळी होती. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एक 'भारती ब्रेल' ठरले. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, मुंबईत राष्ट्रीय अंधजन मंडळाची स्थापना झाली आणि ब्रेल छपाईला संस्थेचे बळ मिळाले.

ब्रेलने अंधाला स्वतः वाचण्याचे आणि स्वतः लिहिण्याचे स्वातंत्र्य दिले. त्याची जागा अजून कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही. पण ब्रेलचे पुस्तक जाड कागदाचे, अवजड आणि खर्चाचे. आपल्या हातातल्या एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात. छापणारी केंद्रे मोजकी. साहजिकच काय छापायचे याची निवड करावी लागते. आधी शाळेची क्रमिक पुस्तके, मग मान्यताप्राप्त थोरांची पुस्तके, मग धार्मिक वाङ्मय. निवड करणाऱ्या टेबलाभोवती कोण बसलेले असते, हा प्रश्न दलित साहित्याने छापील पुस्तकांच्या बाबतीत विचारला. ब्रेलच्या बाबतीत तो कोणी विचारला नाही.

वाचून दाखवणारे

दुसरी वाट होती वाचून दाखवण्याची. आधी माणूस शेजारी बसून वाचत असे. नंतर ध्वनिफिती आल्या. मुंबई-पुण्यातील स्वयंसेवकांनी आपला वेळ देऊन पुस्तके ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या जोरावर कित्येक अंध विद्यार्थी पदवीधर झाले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

वाचून दाखवण्याची परंपरा आपल्यालाही परकी नाही. किंबहुना ती आपलीच आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी, 'जनता' २४ नोव्हेंबर १९३० रोजी. या पत्रांचे वर्गणीदार थोडे होते. श्रोते फार होते. वस्तीत एखाद्यालाच अक्षरओळख असे. तो कंदिलाजवळ बसून वाची आणि बाकीचे ऐकत. ज्यांना अक्षर दिसत होते पण कळत नव्हते, त्यांनी बाबासाहेब असे कानाने वाचले. जलशांनी तेच काम केले. वामनदादा कर्डकांना मोठेपणी मुंबईत कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही या दुःखाने ते कळवळले, मग अक्षरे शिकले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. त्या एका प्रसंगात जी तगमग आहे, तीच ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या अंध विद्यार्थ्याची असते. फरक एवढाच, की वामनदादांना अक्षरे शिकता आली. या विद्यार्थ्याला अक्षरे येत असतात. पुस्तकच त्याच्याशी बोलत नाही.

आणि स्वतः बाबासाहेब? अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, नजर मंदावली होती. १९५४ मध्ये ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. नानकचंद रत्तू टंकलेखन करीत, कागद पुढे ठेवीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्या अवस्थेत पूर्ण झाला आणि महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकांवर घरादारापेक्षा अधिक प्रेम केले, त्याच्याच डोळ्यांनी असहकार पुकारला होता. आपण त्यांच्या ग्रंथसंग्रहाविषयी अभिमानाने बोलतो. मंदावलेल्या नजरेने काम करणारे बाबासाहेब मात्र आपल्या चित्रांत आणि पुतळ्यांत कुठे दिसत नाहीत.

मात्र वाचून दाखवण्यात एक परावलंबन असते. वाचणारा कधी येणार, काय वाचणार, काय गाळणार, हे ऐकणाऱ्याच्या हाती नसते. शिवराळ वाक्य आले की वाचणारा अडखळतो. जातीचे नाव आले की आवाज खाली जातो. बोली आली की ती त्याच्या जिभेवर शहरी होते. दलित आत्मकथन दुसऱ्याच्या संकोचातून ऐकावे लागणे ही वाचकाची स्थिती नव्हे. वाचक तो, ज्याला मध्यस्थाशिवाय पुस्तकापाशी जाता येते, मागे फिरता येते, एक ओळ दहा वेळा वाचता येते, आणि रात्री दोन वाजता पुस्तक मिटून रडता येते.

यंत्र आले, मराठी मागे राहिली

जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेत रेमंड कुर्झवाईल यांनी एक यंत्र जाहीर केले. छापील पान त्यावर ठेवायचे. यंत्र पानाचे चित्र घेई, अक्षरे ओळखे आणि कृत्रिम आवाजात वाचून दाखवी. यंत्र अवजड आणि महाग होते. पण तत्त्व सिद्ध झाले. आज घराघरांत असलेल्या स्कॅनरचा एक पूर्वज अंधांसाठी बनवलेले हे यंत्र आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पुढचा प्रश्न यंत्राचा नव्हता, श्रमाचा होता. यंत्र चुका करते. त्या दुरुस्त कोणी करायच्या? २००० साली इंग्रजी पुस्तकांसाठी एक रीत निघाली. पुस्तक पानापानांत वाटायचे, एकेक पान वेगवेगळ्या माणसांनी मूळ चित्राशी ताडून पाहायचे आणि तेच पान पुन्हा दुसऱ्याने तपासायचे. २००२ मध्ये अमेरिकेत 'बुकशेअर' सुरू झाले. वाचकांनी आणि स्वयंसेवकांनी पुस्तके स्कॅन करायची, शुद्ध करायची आणि ती सर्व अंध वाचकांसाठी एका ठिकाणी ठेवायची. त्याआधी प्रत्येक अंध विद्यार्थी आपल्यापुरते पुस्तक स्कॅन करी आणि तेच पुस्तक दुसऱ्या गावातला विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून स्कॅन करी. एकाचे श्रम सर्वांचे झाले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने पडदा वाचणारी 'एनव्हीडीए' ही आज्ञावली लिहायला घेतली. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र साथीला आला. त्यांनी ती फुकट दिली. तोपर्यंत अशा आज्ञावलीची किंमत गरीब देशातल्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होती. इथेही ब्रेलचीच गोष्ट पुन्हा घडली: साधन घडवले ते ज्याला त्याची गरज होती त्याने.

मराठी या सगळ्यात मागे राहिली. त्याची कारणे लिपीत आहेत तशी व्यवहारातही आहेत. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधते, मात्रा वर-खाली-मागे-पुढे लागतात, जोडाक्षरांचे आकार अनेक. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अक्षरे झिजलेली, शाई पसरलेली. यंत्र 'भ'चा 'म' करते, 'घ'चा 'ध', 'ब'चा 'व', 'ष'चा 'प', 'थ'चा 'य', आणि 'ख'चे सरळ 'रव' करून टाकते. 'भीम' हा 'मीम' होतो, 'खाणे' हे 'रवाणे' होते. अनुस्वाराचा ठिपका पुसट असला की 'बंडा'चे 'बड' उरते. पानाच्या वरचे पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक वाक्याच्या मध्येच येऊन बसतात, आणि एखादी आई मृत्युशय्येवर असताना यंत्र मधेच पानाचा आकडा म्हणते. कवितेच्या ओळी एकमेकींत मिसळून गद्य होतात. ज्या कवीने ओळ कुठे तोडायची यासाठी रात्र जाळली, त्याची कविता ऐकणाऱ्यापर्यंत परिच्छेद म्हणून पोचते.

दुसरे कारण अधिक चीड आणणारे आहे. १९९० नंतर मराठी पुस्तके संगणकावर जुळू लागली. म्हणजे त्यांचा मजकूर मुळातच संगणकात होता. पण तो निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फॉन्टांत होता. त्यांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेले असते रोमन लिपीतले भलतेच चिन्ह. डोळसाला मराठी दिसते; अंधाचे यंत्र मात्र अर्थहीन खडखडाट करते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपले प्रकाशक, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालये कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांनाच चिकटून राहिली. परिणाम असा, की संगणकावर तयार झालेले पुस्तक कागदावर छापायचे, कागदावरून पुन्हा स्कॅन करायचे, आणि यंत्राच्या चुका माणसाने पुन्हा काढायच्या. एकाच विहिरीचे पाणी तीनदा उपसण्यासारखे हे आहे.

शुद्ध म्हणजे काय?

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. स्कॅन केलेल्या पुस्तकाचे मुद्रितशोधन करायचे म्हणजे त्यातल्या चुका काढायच्या. पण चूक कशाला म्हणायचे?

शांताबाई कांबळे आमच्या जिल्ह्यातल्या. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांचे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याचे नाव आहे 'माज्या जल्माची चित्तरकथा'. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही यंत्रापुढे हे नाव ठेवा. ते 'जल्माची' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढील आणि 'जन्माची' सुचवील. 'चित्तरकथा'ला 'चित्रकथा' म्हणेल. यंत्राच्या दृष्टीने हे शुद्धीकरण झाले. पण शांताबाईंचा जल्म त्यातून निघून गेला. 'बलुतं', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं' ही नावेही याच रांगेतली. 'अक्करमाशी'चे लेखक शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. पुस्तक १९८४ चे. सोलापूरची मराठी कानडी, तेलुगू आणि उर्दूच्या सोबतीने वाढली. तिच्यातले कितीतरी शब्द कोणत्याही कोशात नाहीत. कोशात नाही म्हणून तो शब्द चूक ठरतो.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले. पात्राच्या तोंडच्या बोलण्याला त्या नियमांनी वाट ठेवली आहे. जुन्या वाङ्मयालाही संरक्षण आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मुळाप्रमाणेच छापावे, असा नियम आहे. म्हणजे पेशवाईतल्या कारकुनाचे लेखन जसेच्या तसे जपायचे. पण दलित आत्मकथनात बोली केवळ पात्राच्या तोंडी नसते. निवेदकच त्या बोलीत बोलतो. त्याला कोणते कलम लागू करायचे? 'व्हतं', 'न्हाय', 'आनि', 'पानी' या रूपांना नियमात जागा नाही. 'पाणी' आणि 'पानी' यांत एका अक्षराचा फरक आहे. पण त्या एका अक्षराच्या अलीकडे-पलीकडे शतकांचे अंतर आहे. ज्यांना पाणी वरून ओतले गेले, त्यांच्या तोंडी ते 'पानी' होते. 'न'चा 'ण' करणारा मुद्रितशोधक व्याकरण सुधारत नसतो. तो साक्ष बदलत असतो.

छापील पुस्तकात निदान मूळ पान समोर असते. अंध वाचकासमोर ते नसते. जी प्रत त्याच्या कानापर्यंत येते तीच त्याच्यासाठी पुस्तक. यंत्र जे अक्षर आहे तेच उच्चारते. 'आणि' लिहिले तर 'आणि', 'आनि' लिहिले तर 'आनि'. म्हणजे इथे लेखन हेच उच्चारण आहे. मुद्रितशोधकाने बोली धुऊन काढली, तर अंध वाचकाला कधीच कळणार नाही की हे पुस्तक मुळात वेगळ्या आवाजात बोलत होते. म्हणून अंधांसाठीच्या मुद्रितशोधनात पहिला नियम असा असला पाहिजे: मूळ पानाशी इमान. आपल्या कानाशी नाही, आपल्या शाळेत शिकलेल्या व्याकरणाशी नाही.

जुन्या यंत्राच्या चुका निदान ओळखू येत. 'रवाणे' पाहिले की चूक कळते. आताची यंत्रे मोठ्या शब्दसंग्रहावर शिकलेली आहेत. अक्षर पुसट असले की ती नेहमीच्या वापरातला, वर्तमानपत्री शब्द गृहीत धरतात. वाक्य गुळगुळीत होते आणि चूक चुकीसारखी दिसतच नाही. यंत्र ज्या मराठीवर वाढले ती प्रमाण मराठी. त्यामुळे त्याची शंका नेहमी बोलीवरच येते. गावात चोरी झाली की संशय आधी कोणावर घ्यायचा हे जसे ठरलेले असे, तसेच हे.

काम कसे चालते

जुळे सोलापुरात माझ्या घरी काही विद्यार्थ्यांनी मिळून आम्ही हे काम करून पाहिले, म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगतो. पुस्तक सपाट उघडून काचेखाली दाबायचे आणि वरून मोबाइलने पान टिपायचे. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा, नाहीतर मध्याच्या शिवणीजवळची अक्षरे सावलीत जातात. मग अक्षरे ओळखणारी आज्ञावली चालवायची. गूगलची साधने आणि 'टेसरॅक्ट' ही खुली आज्ञावली मराठी ओळखतात. टेसरॅक्ट १९८५ ते १९९४ या काळात एका अमेरिकन कंपनीत तयार झाली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. यापुढे माणसाचे काम. एकाने मूळ पानाचे चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायची. प्रकरणांची शीर्षके शीर्षक म्हणूनच नोंदायची, म्हणजे ऐकणाऱ्याला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. मूळ पृष्ठांक गाळायचे नाहीत. वाक्याच्या मधून काढून ठरावीक जागी ठेवायचे. परीक्षेत वा प्रबंधात संदर्भ देताना अंध विद्यार्थ्यालाही पान क्रमांक लागतो. तळटीप वाक्य संपल्यावर घ्यायची.

दुसरे वाचन अंध विद्यार्थ्याने करायचे. हे आम्हाला अनुभवाने कळले. डोळस माणूस वाचताना अक्षर न् अक्षर पाहत नाही; शब्दाचा आकार पाहतो आणि उरलेले मनाने भरतो. त्यामुळे सुटलेली वेलांटी, दुणावलेली ओळ त्याच्या नजरेतून निसटते. कानाला मात्र ती खटकते. अर्थात कानालाही मर्यादा आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक यंत्राच्या आवाजात पुष्कळदा कळत नाही. तिथे डोळाच हवा. डोळा आणि कान यांची अशी वाटणी झाली की काम चोख होते. आणि मग अंध विद्यार्थी हा घेणारा आणि आपण देणारे, ही भूमिकाही गळून पडते. तो सहकारी होतो. सेवाभावाने सुरू झालेल्या कामात ही गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळली नाही, तर आपणही नवे धर्मादाय तेवढे उघडू.

कायदा आपल्या बाजूने आहे

प्रताधिकाराची भीती अनेकांना वाटते. एके काळी ती रास्त होती. पुस्तक ब्रेलमध्ये काढायलाही परवानगी मागावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात भर पडली. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणतेही पुस्तक तिला वापरता येईल अशा स्वरूपात, नफा न घेता, तयार करणे आणि देणे हा आता प्रताधिकाराचा भंग नाही. व्यक्तीलाही ही मुभा आहे, संस्थेलाही. प्रत भलतीकडे जाऊन व्यापारात येणार नाही याची काळजी संस्थेने घ्यायची. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. पुस्तकाच्या अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात देता-घेता याव्यात हा त्याचा हेतू. जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे अंध वाचकांसाठीचे देशव्यापी संगणकीय ग्रंथालय सुरू झाले आणि वर्षअखेरीस अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदाही संमत झाला.

कायदा आहे, पण कायद्याने पुस्तक तयार होत नाही. घटनेने अस्पृश्यता १९५० मध्येच रद्द केली, पाणवठे त्या दिवशी खुले झाले नाहीत. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली काढला. 'बहिष्कृत भारत आणि मूकनायक' १९९० मध्ये आले. पानांची छायाचित्रे संगणकावर चढवली म्हणजे ग्रंथ सर्वांना खुले झाले असे आपण समजतो. चित्र डोळ्यांसाठी असते. 'बहिष्कृत भारत'ची जुनी अक्षरे कोणीतरी ओळ न् ओळ तपासल्याशिवाय ती कानापर्यंत जाणार नाहीत. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून प्रताधिकारातूनही मुक्त झाले आहे. आता अडथळा कोणाचा? आपल्या आळसाखेरीज दुसरा दिसत नाही.

आपले काम

या नियतकालिकाच्या वाचकांत प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, ग्रंथप्रदर्शन भरवतो. त्यातला एक दिवस आणि वर्गणीतला थोडा वाटा या कामाला द्यावा. प्रत्येक महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी वर्षाला दोन पुस्तके तपासली, तरी दहा वर्षांत दलित साहित्याचे एक कपाट कानासाठी खुले होईल. आपल्या प्रकाशकांनी नव्या पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्येच जुळवावा आणि त्याची प्रत अंधांच्या ग्रंथालयाला स्वतःहून द्यावी. आपल्या नियतकालिकांनीही तेच करावे; आरंभ आपल्या घरापासून व्हावा. आणि तपासताना बोलीला हात लावू नये. शंका आली तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, कोशाला नंतर.

दलित साहित्याने प्रस्थापितांना विचारले होते: तुमच्या पुस्तकांत आम्ही कुठे आहोत? आज एखादा अंध विद्यार्थी आपल्याला विचारतो: तुमच्या पुस्तकांत मी कुठे आहे? तो लेखनाविषयी विचारत नाही, वाचनाविषयी विचारतो. तो आपल्याच वस्तीतला असण्याचा संभव मोठा आहे. त्याला 'बलुतं' दुसऱ्याच्या तोंडून नको आहे, 'जल्म'चा 'जन्म' झालेला नको आहे. त्याला पुस्तक जसे आहे तसे हवे आहे, म्हणजे मग त्याला ते आवडेल, पटणार नाही, तो त्यावर भांडेल आणि उद्या स्वतःचे लिहील. गौतमाच्या सूत्रात ज्या कानावर पहारा होता, त्याच कानाने तो वाचायला बसला आहे. त्याच्यापर्यंत शब्द नेऊन पोचवणे, आणि वाटेत तो बदलू न देणे, एवढेच आपले काम आहे.